वरच्या मजल्याचं घर आणि फोम गन : कोणती घ्यावी, कशी वापरावी? (नाशिक)

गच्चीखालची

नमस्कार मंडळी,

पाथर्डी फाट्याजवळ आमचा सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे. डोक्यावर थेट गच्ची, बेडरूमची भिंत पश्चिमेला. एप्रिल लागला की आम्हाला दुपारपेक्षा रात्र जड जाते. पंखा लावला की वरून गरम वाराच खाली येतो. सासूबाईंना एसी सोसत नाही, त्यांचे सांधे धरतात, त्यामुळे एसी हा उपाय त्यांच्या खोलीत चालणार नाही.

परवा हार्डवेअरच्या दुकानात फुगून कडक होणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा कॅन आणि तो मारायची गन बघितली. दुकानदार म्हणाला, "छताला आतून मारून टाका, घर गार पडेल." व्हिडिओंमध्येही परदेशी लोक अख्ख्या भिंती फवारताना दिसतात. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गन कोणती घ्यायची, १० बाय १२ च्या खोलीला किती कॅन लागतील, आणि हे काम आपलं आपण जमण्यासारखं आहे का? शिवाय खिडक्यांच्या चौकटीतून धूळ येते ती वेगळीच. हायवे जवळ आहे, संध्याकाळी ओट्यावर हात फिरवला तर बोटं काळी होतात.

अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

सिडकोकर

खिडक्यांसाठी बिनधास्त घ्या ताई. ॲल्युमिनियमची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट भरायला याच्यासारखं दुसरं काही नाही. छताचं मला माहीत नाही, जाणकार सांगतील.

शीतगृहवाला

मी द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची पॅनेलं उभारण्याच्या कामात आहे, पिंपळगाव-ओझर पट्ट्यात. फोम गन रोज हातात असते, म्हणून जरा लांब लिहितो.

ताई, आधी छताचा विचार थांबवा. तुम्ही दुकानात पाहिली ती गन आणि व्हिडिओत पाहिली ती गन यांचा एकमेकींशी संबंध नाही. दुकानातली गन एक घटकवाल्या फोमची. ७५० मिलीचा कॅन, आत दाबाखाली भरलेलं रसायन. बाहेर आलं की हवेतला ओलावा शोषून ते फुगतं आणि कडक होतं. गनच्या टोकातून त्याची दोरीसारखी धार येते, फवारा उडत नाही. ती फटी, भेगा, भोकं भरायला बनवलेली आहे.

व्हिडिओतली यंत्रणा दोन घटकांची असते. एका पिंपात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल. दोन्ही यंत्रात गरम होतात, गरम ठेवलेल्या पाइपांतून गनपर्यंत येतात आणि गनच्या तोंडाशी, जोरात एकमेकांवर आदळून मिसळतात. काही सेकंदांत फोम तयार. मारणारा माणूस पूर्ण अंगाचा सूट आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालूनच आत जातो. हे काम घरच्या माणसाचं नाही.

आता हिशेब बघा. १० बाय १२ म्हणजे साधारण ११ चौरस मीटर छत. त्यावर २५ मिमी जाडीचा थर द्यायचा तर २७५ ते २८० लिटर फोम लागेल. एका कॅनमधून मोकळा फुगलेला फोम फार तर ४० लिटरच्या आसपास निघतो, तोही कॅनवर छापलेला आकडा. म्हणजे कागदावरच सात कॅन, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. आणि इतकं करून हाती काय, तर छताला चिकटवलेल्या दोऱ्यांच्या रांगा आणि मधे उघडा स्लॅब. शिवाय हा फोम ओलाव्यावर पिकतो, म्हणून जाड थर दिला की वरून कडक आणि आतून कच्चा राहतो.

गनबद्दल. प्लास्टिक बॉडीची स्वस्त गन एखाद्या खिडकीपुरती ठीक. घरभर काम असेल तर धातूची घ्या. कॅन जिथे आट्यांवर बसतो ती वाटी आणि आतली सुई टेफ्लॉन कोटिंगची असेल तर उत्तम, फोम तिथे धरत नाही. मागचा स्क्रू हातात धरून फिरवून पाहा. धार जाड-बारीक त्यानेच होते, तो सैल किंवा खरखरीत असेल तर गन परत ठेवा. ट्रिगर सोडल्यावर धार जागच्या जागी थांबली पाहिजे. थेंब थेंब गळणारी गन रोज डोकेदुखी देते.

गन दाब धरते की नाही हे तपासायची एक युक्ती आहे. गनसोबत क्लीनरचाही (ओला फोम धुवून काढणाऱ्या द्रावणाचा) कॅन घ्या. नवीन गनवर तो बसवून एकदा ट्रिगर दाबा, म्हणजे गन आतून भरेल. मग स्क्रू बंद करून क्लीनरचा कॅन काढा आणि गन रात्रभर तशीच ठेवा. सकाळी भांड्यात तोंड धरून ट्रिगर दाबा. पिचकारी उडाली तर झडपा घट्ट आहेत. नुसतं फुस्स झालं तर फोमचा कॅन लावून ठेवला तरी तो गनमध्येच कडक होणार. दुकानदार ओळखीचा असेल तर बदलून मिळेल या बोलीवरच घ्या.

कॅनवर "गन ग्रेड" लिहिलेलं बघा. नळीवाला कॅन गनला बसत नाही. तारीखही वाचा, साधारण वर्षभराचं आयुष्य असतं. आडवा पडून राहिलेला कॅन घेऊ नका, त्याची झडप चिकटलेली असते.

मजबूत पाया

शीतगृहवाले दादांनी कॅनचा हिशेब दिलाच आहे, मी स्लॅबची बाजू मांडतो. स्थापत्य अभियंता आहे, नाशिकमध्येच काम करतो.

गच्चीचा काँक्रीट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी ती उष्णता खाली सोडतो. म्हणून तुम्हाला रात्री त्रास जास्त. आतून इन्सुलेशन केलं तरी स्लॅब तापायचा तो तापतोच, रोज प्रसरण पावतो, रोज आकुंचतो, आणि वॉटरप्रूफिंगला तडे जातात. त्यात गळती झाली तर फोममागे पाणी दिसतच नाही आणि आतलं लोखंड गंजत राहतं. गच्चीवर, म्हणजे उन्हाच्या बाजूला, इन्सुलेशन टाकलं तर स्लॅब मुळात तापत नाही. माझा अनेक वर्षांचा आग्रह हाच आहे आणि तो मी सोडणार नाही : उष्णता जिथून येते तिथेच अडवा.

आकड्यांत सांगतो. १५० मिमीच्या उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू साधारण ३.३ येते, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून ३.३ वॉट उष्णता आत. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली, त्यात छतासाठी कमाल १.२ ची मर्यादा आहे. स्लॅबवर फक्त २५ मिमी एक्सपीएस (थर्माकोलसारखा पण दाट, कडक) बोर्ड टाकला तरी यू-व्हॅल्यू ०.९ च्या आसपास उतरते. ५० मिमी टाकला तर ०.५. पहिल्या इंचालाच सगळ्यात मोठा फायदा मिळतो, म्हणून उगाच जाडीच्या मागे लागू नका.

क्रम असा : आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड, वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), मग उताराचा कोबा आणि पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. जुन्या कोब्यावर नवा चढवायचा असेल तर वजनाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या, अंदाजाने नको. आणि गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे ठराव लागेल.

तेवढा खर्च आत्ता नको असेल तर पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग. तोही नको तर चुना आणि त्यात थोडा फेविकॉल, दोन हात. पावसाळ्यात धुपतो, दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो, पण फरक पहिल्याच रात्री जाणवतो. सासूबाईंसाठी मी तरी उद्याच हे करेन.

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली द्या. छज्जा, बांबूची चिक, काहीही. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडद्याचा उपयोग अर्धाच.

सिडकोकर

+१. चुन्याचा अनुभव आमच्याही गच्चीला आहे. फक्त मारण्याआधी गच्ची घासून धुवा, शेवाळावर चुना टिकत नाही.

पत्र्याची खोली

थोडा वेगळा अनुभव. म्हसरूळला आमच्या बंगल्यावर पत्र्याची खोली आहे, मुलगा तिथे अभ्यासाला बसतो. पत्र्याला आतून यंत्रवाल्याकडून क्लोज्ड सेल (बंद पेशींचा, कडक) फोम मारून घेतला. उकाडा खूपच कमी झाला, आणि पावसात पूर्वी फोनवर बोलता यायचं नाही, आता सहज बोलता येतं. पत्र्याखाली सकाळी थंडीत जे पाणी जमून ठिबकायचं तेही थांबलं. म्हणजे आतून मारणं सरसकट चूक म्हणता येणार नाही.

मजबूत पाया

बरोबर आहे तुमचं, पत्र्याला ते चालतं. पत्रा पातळ, त्यात उष्णता साठतच नाही, आणि वर काही टाकायला आधार नाही. माझा विरोध काँक्रीटखाली मारायला होता. फक्त एक विचारतो : फोम उघडा ठेवलाय का?

पत्र्याची खोली

हो, पिवळसर थर तसाच दिसतो.

मजबूत पाया

मग तो झाका, लवकर. पीयू फोम पेटतो, आणि पेटला की काळा, विषारी धूर सोडतो. मुलगा तिथे बसतो, वायरिंगही त्याच खोलीत असणार. जिप्सम बोर्ड किंवा सिमेंट बोर्डाचं अस्तर लावून घ्या, उंदरांपासूनही तेवढंच संरक्षण. जिथे ऊन पडतं तिथे फोम काही महिन्यांत करपतो, बोट लावलं की भुकटी निघते.

पत्र्याची खोली

धन्यवाद. मारणाऱ्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. या आठवड्यातच बोर्डवाल्याला बोलावतो.

गच्चीखालची

सगळ्यांचे मनापासून आभार. छताला आतून मारायचा विचार सोडला. गच्चीचं सोसायटीच्या बैठकीत मांडते. गन मात्र खिडक्यांसाठी घेणार आहे. शीतगृहवाले दादा, प्रत्यक्ष कसं मारायचं ते पायरीने सांगाल का? खिडक्यांखेरीज एसीच्या पाइपचं भोक, मुख्य दाराच्या चौकटीची फट आणि बाथरूमच्या व्हेंटिलेटरची जाळी बंद करायची आहे. तिथून डास येतात.

शीतगृहवाला

ताई, बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का? आधी एवढं सांगा.

गच्चीखालची

हो, गॅसचाच आहे.

शीतगृहवाला

मग त्या जाळीला हात लावू नका. अजिबात नको. गॅस गिझर खोलीतली हवा जाळतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. दरवर्षी थंडीत अशा बातम्या वाचतो आपण. डासांसाठी बारीक स्टीलची जाळी ठोका, हवा चालू राहू दे. खरं तर गिझर बाथरूमबाहेर हलवलात तर सगळ्यात चांगलं. स्वयंपाकघरातही तेच : एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर जमिनीलगत साठतो, म्हणून खालची फट किंवा जाळी बुजवायची नाही. घर हवाबंद करायच्या नादात हे विसरलं जातं, आणि मला या धाग्यात दुसरं काही कोणी लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा.

आता पद्धत. हातमोजे आणि चष्मा आधी. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवाही बंद. कॅनमधला दाब प्रोपेन-ब्युटेनसारख्या ज्वलनशील वायूचा असतो आणि तो खाली बसतो. दमा असलेल्यांनी त्या खोलीत थांबू नये. सासूबाईंना त्या दिवशी शेजारी पाठवा.

फट आधी ब्रशने झाडून घ्या, सुटं प्लास्टर काढा. मग फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारा, भिंत ओलसर हवी, पाणी ओघळायला नको. नाशिकमध्ये एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की पाणी न मारता भरलेला फोम आत कच्चाच राहतो आणि नंतर आकसतो. पावसाळ्यात हा प्रश्न येत नाही.

कॅन अर्धा मिनिट तरी जोरात हलवा. कॅन उभा धरून गन त्यावर फिरवून घट्ट बसवा, आणि मग उलटा करा. काम करताना कॅन कायम वर, गन खाली. पहिली धार जुन्या पुठ्ठ्यावर सोडून बघा आणि मागच्या स्क्रूने जाडी ठरवा. उभी फट खालून वर भरत या. फट अर्धीच भरा, फार तर अर्ध्याहून थोडी जास्त. उरलेली तो स्वतः भरतो. भरलेली कमी वाटते म्हणून लगेच दुसरा हात मारण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा. जास्त फुगलेला फोम ॲल्युमिनियमची पातळ चौकट आत ढकलतो आणि मग काचेचं दार सरकत नाही. चौकटीत मधे लाकडाची आडवी पट्टी अडकवून ठेवली तर धोका टळतो. "लो एक्स्पान्शन" (कमी फुगणारा) लिहिलेला कॅन खिडकीला जास्त बरा. चार-पाच सेंटिमीटरपेक्षा रुंद फट असेल तर आधी विटेचा तुकडा आणि मसाला, मग फोम.

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरून बारीक भोकं असतात, पाणी जायला. ती बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात ट्रॅक भरून पाणी घरात येईल.

दहा-पंधरा मिनिटांत वरचा थर चिकटायचा थांबतो. कापायची घाई नको, निदान तासभर जाऊ द्या. पूर्ण पिकायला एक दिवस धरा. मग कटरने भिंतीच्या पातळीला कापा, आतून पुट्टी, बाहेरून सिमेंट किंवा बाहेरचा रंग. बाहेर उघडा ठेवायचा नाही, कारण वर मजबूत पाया यांनी सांगितलंच आहे. एसीच्या पाइपभोवती भरताना भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना बघा, आणि पाइपवरचं काळं रबर कापू नका.

सांडला तर ओला असतानाच क्लीनरच्या फडक्याने पुसा. वाळल्यावर कुठलंही क्लीनर चालत नाही, खरवडावाच लागतो. हाताला लागला तर लगेच कोरड्या फडक्याने पुसून तेल चोळा आणि साबणाने धुवा.

आणि गनचं आयुष्य ज्यावर ठरतं ते : काम थांबलं की रिकामा नसलेला कॅन काढायचा नाही. मागचा स्क्रू बंद, नळीचं टोक पुसा, कॅन तसाच लावून उभा ठेवा. आतला दाब गन ओली ठेवतो. पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा वापरता येते. कॅन संपला तर लगेच दुसरा हलवून लावा, किंवा क्लीनर लावून स्वच्छ धार येईपर्यंत मारा. बाजूला ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत गन गेली.

पंचवटीकर

आमच्या जुन्या वाड्याच्या लाकडी चौकटींना भेगा पडल्या आहेत, भिंती विटा-चुन्याच्या. गोदेला पूर आला की खालच्या भिंती दमट राहतात. तिथे हा फोम चालेल का?

मजबूत पाया

दमट चुन्याच्या भिंतीत नको. चुना ओल शोषतो आणि हळूहळू बाहेर सोडतो, त्यावर भिंत टिकलेली असते. फोमने ती वाट अडते आणि ओल लाकडाकडे सरकते. चुन्याचाच मसाला भरा, लाकडातल्या भेगांना लाकडाचीच पट्टी. वाड्याच्या जाड भिंती मुळात गार असतात, तुम्हाला याची गरजही कमी.

निफाडचा शेतकरी

इथे सगळे जाणकार दिसतात म्हणून विचारतो. कांद्याच्या चाळीवर पत्रा आहे. मे महिन्यात आत भट्टी होते. पत्र्याला फोम आणि बाजूच्या फटी बंद केल्या तर कांदा टिकेल का?

शीतगृहवाला

भाऊ, बाजूच्या फटी म्हणजेच चाळ! कांदा साठवणीत श्वास घेतो, उष्णता आणि बाफ बाहेर टाकतो. खालून आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळला नाही तर सड लागते. द्राक्षाच्या खोलीचं उलट असतं. बाहेर ४०, आत शून्याच्या जवळ, तिथे पॅनेलच्या सांध्यात सुईएवढी फट राहिली तरी बर्फ धरतो, म्हणून मी तिथे गन घेऊन उभा असतो. चाळीला पत्र्यावर पांढरा रंग द्या किंवा उसाचं पाचट अंथरून बांधा. बाजूला काही करू नका.

निफाडचा शेतकरी

पटलं. पाचट घरचंच आहे.

गच्चीखालची

चार खिडक्या, एसीचं भोक आणि दाराची चौकट झाली. गन धातूची घेतली, रात्रभर क्लीनर ठेवून तपासली, दाब धरला. ओट्यावरची धूळ स्पष्ट कमी झाली आहे आणि आमच्या खोलीतला एसी आता लवकर बंद-चालू होत नाही. सासूबाईंच्या खोलीत फोमने फार फरक नाही, तसा तुम्ही सांगितलाच होता. सोसायटीने चुन्याला लगेच होकार दिला, बोर्डाचा विषय दिवाळीनंतर पावसाळा संपल्यावर घ्यायचं ठरलं. गिझर पॅसेजमध्ये हलवायला प्लंबर सांगितला आहे.

एक शेवटचं : अर्धा कॅन उरलाय, गनला लावूनच ठेवलाय. माझ्या भावाला देवळाली कॅम्पला हवा आहे. गाडीत टाकून नेला तर चालेल ना?

शीतगृहवाला

न्या, पण गाडी उन्हात उभी करून कॅन आत ठेवू नका. कॅनवर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि मे महिन्यात बंद गाडी ती सहज ओलांडते. सकाळी लवकर निघा, कॅन मागे उभा आणि घट्ट टेकवून ठेवा, स्क्रू बंद आहे का बघा. भावाला सांगा, मारण्याआधी पुन्हा अर्धा मिनिट हलवायचा.